एका टिचकीला पाच

रविवारी सकाळी इंदोऱ्याच्या अभ्यासिकेत
चार कॉम्प्युटर, अकरा पोरं.
एका माउसचं डावं बटण चिकटतं,
त्याच्यावर सुगतचा हक्क. त्याला ते वळणावर आणता येतं म्हणे.
मार्च लागलाय, कूलर अजून माळ्यावर,
पंखा फिरतो तो नुसता
धूळ इकडची तिकडे करायला.

आठवडाभर मी मिहानमध्ये
कुठल्या तरी बँकेचे प्रोग्रॅम दुरुस्त करतो,
रविवारी इथे येतो
पिशवीत सोळा पानांच्या छापील प्रती घेऊन.
पान एक: चित्र काढा.
पान दोन: एक डबी तयार करा,
तिला नाव द्या, तिच्यात शून्य ठेवा.
"रिकामी डबी म्हणजेच शून्य ना सर?"
नाही रे. शून्यसुद्धा ठेवावं लागतं.
हे सांगताना इतक्या वर्षांनी
माझं मलाच नवल वाटलं.

अल्फियानं संत्रं काढलं. गोल नाही,
देठाशी चेपलेलं, एका अंगाला हिरवट.
गोल कर म्हटलं तर म्हणाली,
"मंग तो बॉल होईन."

मग तो एक ठोकळा:
संत्र्यावर टिचकी पडली
की डबीतला आकडा एकाने वाढव.
बस, एवढंच.
आणि खोलीभर टकटक सुरू झाली,
पत्र्यावर ज्वारी सांडल्यासारखी.
छत्तीस, सदतीस, अडतीस,
सुगतचं चिकटकं बटण एकाला दोन मोजायचं.
मी बघायला वाकलो
तर त्यानं दोन्ही हातांनी माउस झाकला:
"राहू द्या ना सर, कोणाचं काय जाते!"

भाविका निमजे तेवढी थांबलेली.
बोट माउसवर, डोळे माझ्यावर.
"सर, एका टायमाले एकच संत्रं कोण उचलते?"
मी म्हटलं, खेळ आहे गं.
"खेळ आहे तं काय झालं?
तीन डाव्या हातात, दोन उजव्या,
असे पाच-पाच टाकते माहा बाप कळमन्याले.
एक-एक मोजलं तं तिथंच रात्र होईन."
आणि तिनं एक खोडून पाच लिहिले.

ते माझ्या पान सातवर होतं,
चौथ्या रविवारसाठी राखून ठेवलेलं,
चौकटीत, जाड अक्षरांत: शक्ती वाढवा.

दोन मिनिटांत सगळ्या पडद्यांवर पाच,
कुठे पन्नास.
चंद्रमणीनं एक कोटी लिहिले,
एकदा दाबलं,
आणि आता पुढे काय म्हणून
तोंड पाडून बसून राहिला.
त्याला वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

भाविकाला सडकं संत्रं पाहिजे होतं.
शोधून शोधून आम्ही फाशाचा ठोकळा बसवला:
विसातून एकदा संत्रं काळं पडेल
आणि डबीतून पाच जातील.
पोरं भडकली. "हा कोणता गेम झाला बे!"
"मंडीत जाऊन पाहा," ती म्हणाली,
मान वर न करता.

सव्वाअकराला लाइट गेली.
पंखा तेवढा थोडा वेळ फिरला, जुन्या सवयीनं.
सुगतचे चार हजार दोनशे,
भाविकाचे नऊशे पंचेचाळीस,
चंद्रमणीचा कोटी,
सगळं साफ.
साठवून ठेवणं पान अकरावर होतं.

सगळ्यात लहान रेवू
काळ्या पडद्याला नाक लावून म्हणाली,
"सर, एवढे संत्रे गेले कुठं?"
मी तोंड उघडलं,
वीज, स्मृती, चकती, कुठून सुरुवात करू,
"विकल्या गेले," भाविका म्हणाली
आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागली.

खिडकीजवळ सुगत
बंद पडलेला माउस अजून दाबत होता.
ओठ हलत होते त्याचे.
दोन, चार, सहा.